राखून ठेवलेलें बळ

नीतिशास्त्राच्या वर्गांत शिक्षकानें द्यावयाचीं उदाहरणें बहुधा ठरलेलीं असतात. बुडणारी नौका, शेजाऱ्यानें विश्वासानें सोंपविलेली ठेव, मारेकऱ्यास खरें सांगावें कीं खोटें,—या तीन-चार उदाहरणांवर आम्हीं आमच्या अध्यापनाचीं तीस वर्षें काढलीं. त्यांत घरच्या मोटारीचें नांव कधीं आलें नाहीं. त्यामुळें दोन वर्षांपूर्वीं आमच्या भाच्यानें दूरध्वनीवरून एक साधा प्रश्न विचारला, तेव्हां तो नीतीचा प्रश्न आहे हें आमच्या लक्षांतहि आलें नाहीं. आम्हीं त्यास जें उत्तर दिलें तें चुकलें, असें आज आम्हांस वाटतें. तें कां चुकलें, याचा शोध घेणें हाच या लेखाचा हेतु आहे.

केम हें सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतलें मोठें गांव. दौंडहून सोलापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे, गांवांत उत्तरेश्वराचें देवालय आहे, आणि ‘केमचें कुंकू’ या दोन शब्दांनीं त्याचें नांव दूरदूरच्या देव्हाऱ्यांत पोंचलें आहे. आमची धाकटी बहीण या गांवीं दिलेली. घरांत कुंकवाचाच व्यापार. माणसें सहा: मेहुण्यांच्या मातोश्री, मेहुणे, बहीण, भाचा, भाचेसून आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. दारांत एक चारचाकी आहे,—मागें डिकी असलेली, डिझेलवर चालणारी स्विफ्ट डिझायर, मेहुण्यांनीं 2017 सालीं घेतलेली. ती आजींस बार्शीस कंबरेच्या डॉक्टरांकडे नेते, एकादशीस पंढरपुरास जाते, लग्नसराईंत कुंकवाचे डबे वाहते, आणि एरवीं अंगणांत लिंबाखालीं उभी असते. कागदोपत्रीं ती मेहुण्यांच्या नांवावर आहे; चालवितो मात्र भाचा.

त्याचा प्रश्न असा होता: “मामा, गाडीचं इंजिन जरा खुलवून घ्यावं म्हणतो. तीसेक हजार जातील. तुम्हांला काय वाटतं?” आम्ही त्या वेळीं उत्तरपत्रिका तपासण्यांत गुंतलों होतों. “गाडी तुझी, हौस तुझी,” असें म्हणून आम्हीं संभाषण आटोपतें घेतलें. एवढेंच नव्हे, तर पुढच्या महिन्यांत त्याच्या वाढदिवसास आम्हीं दहा हजार रुपये पाठविले, तेहि याच कामीं लागले.

गाडी ‘खुलविणें’ म्हणजे काय, हें आम्हांस पुढें त्याच्याच तोंडून कळलें. हल्लींच्या एंजिनावर एका लहानशा संगणकाचा अंमल असतो. डिझेल किती आणि कोणत्या क्षणीं फवारावें, टर्बोनें हवा किती दाबून आंत लोटावी, हें सर्व त्या संगणकांतील आज्ञावलीप्रमाणें ठरतें. ही आज्ञावली बदलली, डिझेल व हवा यांचें प्रमाण वाढविलें, कीं तेंच एंजिन पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक जोर करूं लागतें. भाच्याच्या गाडीचें एंजिन मुळांत सुमारें 75 अश्वशक्तीचें. पुण्याच्या कारागिरानें तें पंचाण्णवपर्यंत नेल्याचें सांगितलें. त्याच खेपेस धुराची नळी रुंद झाली आणि गाडी रस्त्यास अधिक धरून चालावी म्हणून आंखूड व ताठर स्प्रिंगा बसविण्यांत आल्या. ब्रेक होते तेच राहिले, टायरहि तेच राहिले. तेथवर पैसे पोंचले नाहींत.

त्यानंतरच्या दिवाळींत आम्ही केमला गेलों. कार्तिकी एकादशीच्या अलीकडे एक दिवस सर्वांनीं पंढरपुरास जाऊन यावें असा बेत निघाला. आजी मात्र म्हणाल्या, “मला नको बाबा. मला आतां गाडी लागते. तुम्ही या जाऊन.” बहिणीकडून असें कळलें कीं, पावसाळ्यापासून आजी त्या गाडींत बसल्याच नव्हत्या, बार्शीस डॉक्टरांकडेहि त्या सुनेस बरोबर घेऊन एस. टी. नें जात. म्हातारपणाचा हट्ट म्हणून घरच्यांनीं तें सोडून दिलें होतें. दुसऱ्या दिवशीं कांहीं कामानिमित्त भाच्याबरोबर टेंभुर्णीस जाण्याचा योग आला, आणि पहिल्या कोसांतच आजींचें दुखणें आमच्या ध्यानांत आलें. रस्त्यांतला प्रत्येक खड्डा थेट आमच्या मणक्यास येऊन भेटत होता. पुढें उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर लागला. भाच्यानें पाय दाबतांच गाडी अशी झेपावली कीं आमची पाठ आसनास चिकटली. ट्रॅक्टर मागें पडल्यावर त्यानें मोठ्या आनंदानें सर्व हकीगत सांगितली. “घरीं कोणाला बोललो नाही मामा. आबांना उगाच काळजी. पण तुम्हीच हो म्हणालात, म्हणून धीर झाला.”

त्या एका वाक्यानें आम्हांस आमचें उत्तर आठवलें, आणि शरम वाटली.

या प्रश्नास कायद्याचें उत्तर आहे, तें प्रथम सांगून टाकूं. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमाप्रमाणें, कारखानदारानें मुळांत नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें हें अधिक स्पष्ट केलें. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तथापि एवढ्यानें आमचा प्रश्न मिटत नाहीं. रुंद नळीचा आवाज शिपायास ऐकूं येतो. जप्त केलेले सायलेन्सर रोलरखालीं चिरडल्याचीं छायाचित्रेंहि आपण वर्तमानपत्रांत पाहतों. परंतु बदललेली आज्ञावली रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायास कशी दिसावी? जेथें पाहणारा कोणी नसतो, तेथें माणसानें कसें वागावें हें कायद्याच्या पुस्तकांत शोधण्यांत अर्थ नाहीं. तें काम नीतीचें आहे.

भाच्याची बाजू दुबळी नव्हती, आणि ती दुबळी करून मांडणें अन्यायाचें होईल. तो म्हणाला, “कंपनी जोर आंत डांबून ठेवते. हेंच इंजिन मोठ्या गाडींत घालून तीच कंपनी नव्वदचा जोर देते आणि जास्त पैसे घेते. आपण इंजिनाचे पैसे भरले, मग त्यांतला जोर आपला नाहीं का?” यांत तथ्य आहे. फियाटच्या मूळ आराखड्याचें हें 1248 घनसेंटीमीटरचें डिझेल एंजिन भारतांत कोठें 75, तर कोठें 90 अश्वशक्तीचें म्हणून विकलें गेलें. मात्र नव्वदाच्या एंजिनास टर्बोच निराळा होता. त्याच्या पात्यांचा कोन गरजेप्रमाणें बदलतां येई. आकडा वाढविण्यापूर्वीं कारखानदारानें त्या आकड्यास झेपतील असे अवयव दिले होते. आमच्या भाच्यानें आकडा घेतला, अवयव घेतले नाहींत.

पण खरा प्रश्न याहून खोल आहे. जें बळ वापरलें जात नाहीं तें वायां जातें, हें गृहीतक बरोबर आहे काय?

कारखानदार एंजिनाचें सारें बळ बाहेर काढीत नाहीं, तें केवळ लोभामुळें नव्हे. सोलापुराकडे वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो. गाडींत पांच माणसें व डिकीभर सामान असतें. पंपावरचें डिझेल नेहमींच शुद्ध असेल असें नाहीं. हवेची गाळणी धुळीनें भरलेली असते. आणि तेल बदलण्याची तारीख मालक विसरलेला असतो. या सर्व गोष्टी एकाच दिवशीं एकत्र आल्या, तरी घाटांत एंजिन होरपळूं नये, म्हणून कांहीं बळ मागें ठेवावें लागतें. हा कारखानदाराचा परोपकार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दुरुस्तीची हमी त्यालाच द्यावयाची असते. परंतु हेतु स्वार्थाचा असला, तरी त्या राखीव बळाचा उपभोग कोण घेतें? निष्काळजी मालक घेतो, मागें बसलेली म्हातारी घेते, मांडीवर झोंपलेलें मूल घेतें. त्यांच्या नांवानें कोठेंहि नोंद नसते, पण त्यांचा वांटा त्यांत असतो.

केमच्या लोकांस हें समजावून सांगण्यास दूर जावें लागत नाहीं. भीमेवरील उजनी धरण 1980 सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें 117 अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि त्यांपैकीं त्रेसष्टांहून अधिक हिशेबांत ‘मृत’ धरलेलें आहे. धरणाच्या उपयुक्त पातळीच्या खालचें तें पाणी चांगल्या पावसाच्या वर्षीं कोणाच्या आठवणींतहि नसतें. परंतु अवर्षण पडलें, धरण शून्याच्या खालीं गेलें, म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठीं याच मृत सांठ्याकडे डोळे लागतात. ज्याला एरवीं मृत म्हटलें त्यानें माणसें जगवावीं, हा प्रकार या भागानें एकदांच पाहिलेला नाहीं. न वापरलेली वस्तु आणि वायां गेलेली वस्तु एक नव्हे, एवढेंच आम्हांस त्यावरून सुचवावयाचें आहे.

ब्रेकांची गोष्ट याहून सरळ आहे. ताशीं 60 किलोमीटरांनीं जाणारी गाडी 90 वर नेली, तर वेग दीडपट होतो. पण ती थांबवितांना ब्रेकांस जी ऊर्जा पचवावी लागते ती दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते. उसाच्या हंगामांत टेंभुर्णीच्या रस्त्यावर मागें दिवा नसलेली ट्रॉली अंधारांत अचानक पुढें यावी, हें नित्याचें आहे. तेथें वाढविलेल्या वीस अश्वशक्ति कांहीं कामाच्या नाहींत. शिवाय अधिक फवारलेलें डिझेल पुरतें न जळल्यास त्याचा काळा धूर मागें उरतो. तो आमच्या भाच्याच्या नाकांत न जातां मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या नाकांत जातो.

मग काय, वस्तु जशी हातीं आली तशीच वापरावी, तिला बोट लावूं नये, असें आमचें म्हणणें आहे काय? तसें म्हणणें वेडेपणाचें होईल. मनुष्याची सारी संस्कृति वस्तूंत बदल करण्यानेंच उभी राहिली. ज्या घरांत बसून हा वाद झाला त्या घराची भाकरी तरी कशावर आहे? जुन्या रीतींत हळदीस चुन्याचा स्पर्श होतो आणि पिवळ्याचें लाल होतें. हळद जशीच्या तशी राहिली असती, तर कुंकू झालें नसतें. मोटारीचेंच उदाहरण हवें असेल, तर तेंहि सोलापूरकरांस जवळचें आहे. सोलापुरांत 1882 सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, जी पुढें पद्मिनी म्हणून ओळखली गेली, ती कित्येक मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार. एंजिन 1089 घनसेंटीमीटरचें, बळ सुमारें 40 अश्वशक्ति. या गरीब गाडीच्या एंजिनांत कारागिरांनीं नाना खटपटी केल्या, आणि मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धांवपट्टीवर ती शर्यतींत धांवली. त्याच गाडीच्या मुंबईतील टॅक्स्यांत पुढें सी. एन. जी. च्या टांक्या बसल्या. तोहि बदलच होता. त्या टॅक्स्या 2023 सालीं रस्त्यावरून गेल्या, पण त्या दोन्ही बदलांस दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं.

आपल्या भाषेंत बदलास दोन शब्द आहेत: संस्कार आणि विकार. दोहोंत वस्तु पूर्वींसारखी राहत नाहीं. मग भेद कोठें? आमच्या मतें तीन प्रश्न विचारले असतां तो दिसूं लागतो. बदलाचें सुख कोणास? त्याचा भार कोणावर? आणि ज्यांच्यावर भार पडतो त्यांस तो ठाऊक आहे काय? शोलावरमच्या धांवपट्टीवर सुख आणि धोका बव्हंशीं एकाच माणसाच्या वांट्यास येत, आणि जो तेथें उतरे तो जाणूनबुजून उतरे. टॅक्सींतील टांकीचें सुख शहरांत श्वास घेणाऱ्या सर्वांस होतें. पाय अधू असलेल्या माणसानें रीतसर परवानगीनें आपल्या गाडीचे ब्रेक हातानें चालविण्याजोगे करून घेतले, तर तो तिन्ही कसोट्यांस उतरतो. कोणी आपल्या गाडीस नियमांत बसणारे अधिक चांगले टायर घातले, तर सुखाबरोबर सुरक्षितपणाहि सर्वांस मिळतो. भाच्याच्या गाडींत मात्र सुख एकास झालें, भार पांचांवर पडला, आणि त्या पांचांपैकीं कोणासहि तें सांगितलेलें नव्हतें. आजींची कंबर दुखत होती; कां दुखते हें त्यांस ठाऊक नव्हतें; म्हणून त्यांनीं दोष आपल्या वयास दिला आणि एस. टी. चा रस्ता धरला. आम्हांस या सर्व प्रकारांत हीच गोष्ट सर्वांत वाईट वाटते. धोका पुढें कधीं तरी घडावयाचा. ही हानि पावसाळ्यापासून रोज घडत होती आणि घरांत कोणास दिसत नव्हती.

या विचारावर एक सबळ आक्षेप येईल. भार ज्यांच्यावर पडतो त्यांची संमति घ्यावी असें म्हटलें, तर आमच्या एकत्र कुटुंबांत तरुणास कधीं कांहीं करतां येईल काय? आजी नको म्हणतील, वडील नको म्हणतील, आई देवास हात जोडील. वडीलधाऱ्यांच्या ‘नको’नें तरुणांच्या किती उमेदी मारल्या, याचा हिशेब आम्हींहि आमच्या तरुणपणीं मांडला होता. आणि भाच्याची स्थिति पाहिली, तर त्याच्या हौसेची थट्टा करवत नाहीं. व्यापार वडिलांचा, घर आजोबांचें, गिऱ्हाइकें दोन पिढ्यांचीं. त्या घरांत ज्यावर त्याचा म्हणून हात फिरला अशी एकच वस्तु, ती ही गाडी. तिच्यांत कांहीं आपलें करून पाहावें असें त्यास वाटलें, यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. घरानें त्यास दुसरें कांहीं आपलें म्हणण्याजोगें दिलें नाहीं, हा दोष घराचाहि आहे.

म्हणून आम्ही परवानगी हा शब्द येथें वापरीत नाहीं. आम्ही ‘ठाऊक असणें’ हा शब्द वापरतों. परवानगी मागणें म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या हातीं देणें. सांगणें म्हणजे दुसऱ्याचा निर्णय त्याच्या हातीं राहूं देणें. आजींस ठाऊक असतें, तर त्या बसल्या असत्या, न बसल्या असत्या, रागावल्या असत्या, कदाचित् नातवाच्या कौतुकापोटीं उशी घेऊनहि बसल्या असत्या. त्यांपैकीं कोणतेंहि एक त्यांचें स्वतःचें झालें असतें. न सांगण्यानें नातवानें त्यांच्याकडून नकळत जें घेतलें, तें हें होय. आणि जो बदल सांगतांना जीभ अडखळते, त्याच्यासंबंधीं आपल्याच मनानें आधीं निकाल दिलेला असतो, असा आमचा अनुभव आहे.

आतां आमच्या उत्तराकडे वळूं. ‘गाडी तुझी, हौस तुझी.’ यांतला दुसरा भाग खरा होता. पहिला खोटा होता. गाडी कागदावर मेहुण्यांची, उपयोगानें सहा जणांची. एका क्षणाच्या आळसानें आम्हीं जी वस्तु आमची नव्हती ती दुसऱ्या एका अशा माणसास देऊन टाकली, ज्याची ती एकट्याची नव्हती. आणि वर दहा हजारांची दक्षिणा दिली. विचारणाऱ्यास मोकळीक देणें हें औदार्य आहे, असें आमच्या पिढीच्या शिकलेल्या माणसांस फार वाटतें. पण ज्याचा खर्च आपल्यास पडत नाहीं असें औदार्य बहुतेक वेळां दुसऱ्याच्या खिशांतूनच होतें.

टेंभुर्णीहून परत आल्यावर आम्हीं भाच्यास एवढेंच म्हटलें कीं, आजी एस. टी. नें कां जातात तें तूं त्यांना सांग. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें सर्वांसमक्ष सांगितलें. आमचा वांटाहि आम्हीं तेथेंच कबूल केला. मेहुणे संतापले, बहिणीनें पैशांचा हिशेब विचारला, आजी मात्र आधीं हंसल्या, आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्या कंबरेला काय झालेलं न्हाई तर!” स्प्रिंगा त्याच आठवड्यांत पूर्वींच्या बसल्या, आणि आजी एकादशीस गाडींतून पंढरपुरास गेल्या. आज्ञावलीवरून बापलेकांचा वाद अनेक महिने चालला. मेहुणे ती मूळपदावर आणा म्हणत. भाचा ब्रेक आणि टायर बदलतों म्हणे. अखेर गाडीच्या तपासणीची वेळ आली तेव्हां, कायदा आणि वडील दोघेहि एका बाजूस पाहून, त्यानें आज्ञावली पूर्ववत् करून घेतली. त्यास अजून ती हळहळ आहे, आणि ती त्यानें लपविलेली नाहीं. हल्लीं तो शर्यतीच्या धांवपट्टीवर एक दिवस तरी गाडी चालवून पाहण्यासाठीं पैसे सांठवीत आहे, आणि तें घरांत सर्वांस ठाऊक आहे.

आम्ही जिंकलों असें आम्हांस वाटत नाहीं. एका तरुणाचा आनंद कमी झाला, ही गोष्ट हिशेबांत धरलीच पाहिजे. पण पुन्हां कोणी आम्हांस तसाच प्रश्न विचारला, तर उत्तर देण्यापूर्वीं उत्तरपत्रिका बाजूस ठेवून आम्ही त्यास आधीं एवढेंच विचारूं: “गाडींत कोण कोण बसतें?”